संधिवात असलेल्या लेकराचं दुखणं : औषधाच्या जोडीला घरात काय करायचं

आमच्या लेकीला सातव्या वर्षी जेआयए निघाला, म्हणजे लहान मुलांचा संधिवात, दोन्ही गुडघे आणि एक घोटा. पहिलं दीड वर्ष औषधं बसवण्यातच गेलं. मग एक दिवस रिपोर्ट नॉर्मल आले, ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, खाली, सांध्यावर सूज नाही, डॉक्टरांनी गुडघा चारी बाजूंनी दाबून बघितला आणि म्हणाले आजार शांत आहे. आम्ही खूश होऊन घरी आलो आणि त्याच रात्री अकरा वाजता ती गुडघा पोटाशी धरून रडत बसली. नवरा म्हणाला औषध लागू पडत नाहीये, सासूबाई म्हणाल्या उद्या शाळेत जायचं नसेल तिला, मी दोघांवरही चिडले, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात या दोन्ही शंका आळीपाळीने येत होत्या. दोन्ही चूक होत्या. औषध लागू पडत होतं, आणि पोरगी नाटक करत नव्हती.

आता ती चौदाची आहे. मी डॉक्टर नाही, पण या सात वर्षांत रुमेटॉलॉजिस्ट (संधिवाताचे डॉक्टर), फिजिओ आणि नंतर एक सायकॉलॉजिस्ट यांच्याकडून जे शिकलो आणि घरात करून बघितलं ते इथे मांडतेय, कारण सुरुवातीला आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही, सगळे फक्त गोळ्या आणि इंजेक्शनबद्दल बोलायचे.

आधी थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. जेआयए म्हणजे सोळा वर्षं पूर्ण व्हायच्या आत सुरू झालेला आणि किमान सहा आठवडे टिकलेला, दुसरं कारण न सापडलेला संधिवात. साधारण हजारात एका मुलाला होतो. सूज हे त्यातलं दुखण्याचं मोठं कारण आहेच, पण सूज आणि दुखणं हातात हात घालून चालत नाहीत. सांध्यात महिनोन्महिने सूज राहिली की वेदनेची सगळी यंत्रणाच हळवी होऊन बसते, नसा, पाठीचा कणा, मेंदू सगळं. तान्ह्या बाळाची आई कशी पाळण्याच्या नुसत्या कुरकुरीने दचकून उठते, तसं. सूज उतरली तरी यंत्रणा जागीच असते. आणि मग ती वेदना किती मोठी वाटेल हे झोप कशी झाली, मनात धास्ती किती आहे, घरात काय चाललंय यावरही ठरतं. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्येच मांडलं होतं की पाठीच्या कण्यात एक प्रकारचं फाटक असतं आणि मेंदूकडून खाली येणारे निरोप ते फाटक उघडू किंवा ओढून घेऊ शकतात. आज त्यातले तपशील बदललेत पण मूळ मुद्दा टिकलाय. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्याने केली त्यातही स्पष्ट म्हटलंय की शरीर, मन आणि आजूबाजूची माणसं या तिन्हींचा वेदनेवर परिणाम होतो, आणि एखादा माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवायला हवा.

अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीच्या लॉरा शॅनबर्ग आणि त्यांच्या टीमने संधिवात असलेल्या ४१ मुलांना दोन महिने रोज डायरी लिहायला लावली होती, २००३ मध्ये ते छापून आलं. मुलांनी सरासरी ७३ टक्के दिवस दुखल्याचं लिहिलं. उपचार चालू असताना! त्याच टीमच्या पुढच्या कामात दिसलं की ज्या दिवशी ताण जास्त आणि मूड खराब त्या दिवशी दुखणंही जास्त आणि अंग आखडणंही जास्त. म्हणजे तुमचं मूल औषध घेऊनही दुखतंय म्हणत असेल तर ते वेगळं नाही, एकटं नाही आणि खोटं तर नाहीच नाही.

म्हणून सगळ्यात पहिला नियम, "मनाचे खेळ आहेत" हे वाक्य घरातून हद्दपार करा. मनाचा परिणाम होतो म्हणजे दुखणं मनातलं असा अर्थ होत नाही, दुखतं ते गुडघ्यातच. मुलांच्या कानावर हे वाक्य एकदा जरी पडलं ना, की मग ती आपलं दुखणं खरं आहे हे सिद्ध करायच्या मागे लागतात, जास्त लंगडतात, जास्त सांगतात, नाहीतर उलट सांगणंच बंद करतात. आमच्याकडे दुसरं झालं. सासूबाईंचं बोलणं तिने ऐकलं होतं आणि नंतर आठ महिने ती रात्रीचं दुखणं लपवत होती, उशी तोंडाशी धरून रडायची. मला ते उशीचा अभ्रा धुवायला काढताना कळलं, एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा होत्या.

दुसरी गोष्ट, पुढचं काहीही करायच्या आधी डॉक्टरची बाजू पक्की करा. नवीन सूज, सकाळचं आखडणं अचानक वाढलंय, ताप येतोय, वजन उतरतंय, तर हे मनाचं आणि घराचं काम नाही, फोन करा. एकच सांधा लाल होऊन तापलाय, मूल त्याला हात लावू देत नाही किंवा पाय टेकवत नाही आणि अंगात ताप आहे, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, सांध्यात इन्फेक्शन असू शकतं. आणि डोळ्यांची तपासणी ठरल्या वेळी कराच, कारण या आजारात डोळ्याच्या आत येणारी सूज बऱ्याचदा दुखत नाही की लालही होत नाही, मूल तक्रार करेल याची वाट बघून चालत नाही. इथे वाचलेल्या कशाच्याही भरवशावर औषध कमी करू नका. हे सगळं औषधाच्या जोडीला आहे.

आता डायरी. महिनाभर ठेवा, त्याहून जास्त नको. दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, आम्ही रात्री दात घासून झाल्यावर लिहायचो. दुखणं ० ते १० मध्ये किती, ते मुलाने सांगायचं, तुम्ही अंदाज करायचा नाही. साधारण आठ वर्षांपुढच्या मुलांना आकडा सांगता येतो, त्याहून लहानांना चेहऱ्यांची चित्रं दाखवून बोट ठेवायला सांगा. पण नुसता दुखण्याचा आकडा लिहिलात तर काही हाताला लागणार नाही. सोबत लिहा की रात्री झोप कशी झाली, सकाळी अंग मोकळं व्हायला किती मिनिटं लागली, आज काय काय केलं, आणि मूड कसा होता. आमच्या महिन्याभराच्या पानांत दोन गोष्टी ठळक दिसल्या ज्या आम्हाला कधीच दिसल्या नव्हत्या, एक म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी आकडा चढायचा आणि दुसरं म्हणजे इंजेक्शनच्या दिवशी सुई टोचायच्या आधीच तो ७ वर असायचा. यावरून ती शाळा टाळते असा निष्कर्ष मी आधी काढला होता, तो चुकीचा होता, त्याबद्दल खाली लिहिते.

आता मुद्द्याचं, आणि मला स्वतःला सगळ्यात जड गेलेलं. "दुखतंय का?" हे विचारणं थांबवा.

मी एकदा मोजलं, एका दिवसात अकरा वेळा विचारलं होतं. उठल्यावर, जिना उतरताना, शाळेतून आल्यावर, जेवताना जरा पाय हलवला तरी. प्रत्येक वेळी ती जे करत असेल ते थांबवून आपल्या गुडघ्याकडे लक्ष देऊन बघायची की दुखतंय का. आणि लक्ष दिलं की दुखायचंच. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या लिन वॉकर यांचा २००६ चा एक प्रयोग आमच्या सायकॉलॉजिस्टने सांगितला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी मुलांना पोट गच्च होईपर्यंत पाणी प्यायला लावलं, मग काही आईवडिलांना सांगितलं मुलाच्या तक्रारीकडे लक्ष द्या, विचारपूस करा, आणि काहींना सांगितलं दुसऱ्या विषयाकडे वळवा. लक्ष दिलेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या आणि वळवलेल्यांच्या निम्म्यावर आल्या. हा प्रयोग पोटदुखीचा आहे, संधिवाताचा नाही, हे खरं. पण मला त्यातली एक गोष्ट फार लागली, ती म्हणजे ज्यांची मुलं कायम दुखण्यात होती त्या पालकांना वाटत होतं की लक्ष दुसरीकडे वळवणं मुलाला त्रासाचं होईल, आणि मुलं मात्र सांगत होती की त्यानेच बरं वाटलं. हुबेहूब मी.

पण याचा अर्थ दुर्लक्ष करा असा अजिबात नाही, इथे बरेच लोक घसरतात. मूल स्वतःहून म्हणालं दुखतंय, तर थांबा, त्याच्याकडे बघा आणि एकदा नीट ऐकून घ्या. "हो, दुखतंय तुला, कळलं मला" इतकं म्हणा आणि लगेच पुढच्या कामाची गोष्ट काढा. "शेक घेऊन चित्र पूर्ण करूया की आधी थोडं ताणून घेऊया?" असा दोनातला एक पर्याय द्या. ऐकणं एक मिनिट, मग कामाला लागणं. आमचा ठराव असा झाला की आम्ही विचारणार नाही आणि तिने मदत हवी असेल तेव्हा स्वतः सांगायचं, सांगितलं की पहिल्या हाकेला आम्ही हजर. पहिला आठवडा भयंकर गेला माझा, जीभ चावून गप्प बसायचे. दुसऱ्या आठवड्यात ती दिवसातून दोनदा सांगायला लागली, आणि जेव्हा सांगायची तेव्हा खरंच काहीतरी करायची गरज असायची.

"काही नाही होत गं, घाबरू नकोस" हेही कमी करा. आपण धीर देतोय असं आपल्याला वाटतं, पण मूल आपला आवाज आणि चेहरा वाचतं आणि त्याला कळतं की आई घाबरलीय, म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे. माझ्या कपाळावरची आठी ती गुडघ्याच्या आधी बघायची. सायकॉलॉजिस्टने मला आरशासमोर उभं राहून "कळलं मला" म्हणायची प्रॅक्टिस करायला लावली होती, तेव्हा हसू आलं होतं, पण करा, खरंच करा.

आता मुलाच्या डोक्यात काय चालतं त्याकडे येऊ. मोठ्यांचं दुखणं आणि मुलांचं दुखणं यावरच्या अभ्यासात एक गोष्ट परत परत दिसते, ती म्हणजे दुखण्याचा मनात होणारा बाऊ. त्याचे तीन भाग मानतात, एकच विचार घोळवत बसणं, तो फुगवत नेणं, आणि आता माझ्या हातात काही नाही असं वाटून हात टेकणं. तपासायचं कसं, तर दुखत नसताना, निवांत वेळी, गाडीत वगैरे, सहज विचारा की दुखायला लागलं की डोक्यात पहिलं वाक्य कुठलं येतं? माझी लेक म्हणाली, "की हा गुडघा आता आतून मोडतोय आणि मी मोठी झाल्यावर चालणार नाही." मी गारच पडले. हे वाक्य तिने आमच्याकडे आलेल्या एका नातेवाईक बाईंच्या तोंडून ऐकलं होतं, "एवढ्याशा वयात, आता जन्माचंच झालं की हो." दोन वर्षं ते तिच्या डोक्यात होतं आणि प्रत्येक ठणक्याबरोबर तेच वाजायचं.

अशा वाक्याला "असं काही बोलू नकोस" म्हणून गप्प करू नका, डॉक्टरांसमोर घेऊन जा. आम्ही पुढच्या व्हिजिटला तिलाच विचारायला लावलं आणि डॉक्टरांनी तिला सोनोग्राफीच्या स्क्रीनवर तिचा गुडघा दाखवला, ही तुझी सूज होती, ही आता नाही, हाडाची कड बघ कशी गुळगुळीत आहे. मग तिने स्वतःचं दुसरं वाक्य तयार केलं, "दुखतंय, पण मोडत नाहीये, मागच्या वेळी थांबलं होतं." तिचं तिनेच बनवलेलं हवं हं, आपण बनवून दिलेलं घोषवाक्य मुलं वापरत नाहीत. त्याच्या जोडीला पोटाने श्वास घेणं शिकवा, पोटावर एखादं हलकं खेळणं ठेवून ते वरखाली होतंय का बघायचं, नाकाने आत चार मोजत आणि तोंडाने बाहेर सहा मोजत. पण हे शिकवायचं बरं असताना, रोज पाच मिनिटं. ऐन कळ आल्यावर पहिल्यांदा शिकवायला गेलात तर मूल चिडेल आणि ते तंत्र कायमचं बाद होईल, आमचं एक असंच बाद झालं.

भीतीचं पुढचं टोक म्हणजे हालचाल टाळणं. दुखेल म्हणून पळायचं नाही, पळत नाही म्हणून मांडीचे स्नायू बारीक होतात, स्नायू बारीक म्हणून गुडघ्यावर भार जास्त, भार जास्त म्हणून दुखणं जास्त आणि भीती पक्की. आणि या चक्रात ढकलायला आपणच असतो, "नको जाऊ खेळायला, संध्याकाळी दुखेल." फुलासारखं जपण्याच्या नादात आम्ही तिचे दोन वर्षांचे मैत्रिणींचे खेळ घालवले, याचं मला आजही वाईट वाटतं. फिजिओने सांगितलेला व्यायाम आणि खेळ या आजारात चालतो, नुसता चालत नाही तर लागतो.

करायचं कसं, तर दुखण्यावर न चालता घड्याळावर चाला. होतं काय की बऱ्या दिवशी मूल तीन तास उंडारतं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. हे बदलायचं. आठवडाभर बघा की त्रास न होता किती वेळ चालता येतं, समजा पंधरा मिनिटं, तर सुरुवात बारापासून करा. बऱ्या दिवशीही बाराच आणि कुरकुरीच्या दिवशीही बाराच. मग दर आठवड्याला एक दोन मिनिटं वाढवा. बऱ्या दिवशी थांबवणं हे वाईट दिवशी उठवण्यापेक्षा अवघड आहे हे आधीच सांगून ठेवते. आणि साधं दुखणं की धोक्याचं दुखणं हे ओळखायची खूण तुमच्या फिजिओकडून मुलासमोर विचारून घ्या. आमच्या फिजिओने सांगितलेली अशी होती, व्यायामानंतर रग लागली आणि तास दोन तासांत उतरली तर चालतंय, दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा सुजलेला दिसला तर फोन. सूज आलेली असताना काय करायचं, किती कमी करायचं, हेही त्यांनाच विचारा.

झोप. दुखल्यामुळे झोप जाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण उलटंही तितकंच खरं आहे, रात्र खराब गेली की दुसऱ्या दिवशी दुखणं जास्त. म्हणून झोपेला औषधासारखं धरा, उठायची वेळ सुट्टीतही तीच ठेवा, मोबाईल खोलीबाहेर. स्टेरॉइड चालू असेल तर ते सकाळी द्यायचं का हे डॉक्टरांना विचारा, रात्री घेतलं तर झोप उडू शकते. सकाळी कोमट पाण्याची आंघोळ आखडलेल्या सांध्यांना बरी पडते, त्यासाठी अर्धा तास आधी उठवा, नाहीतर रोजची सकाळ भांडणाने सुरू होते आणि ते भांडण दिवसभराच्या दुखण्यात मोजलं जातं.

इंजेक्शनच्या दिवसाबद्दल वेगळं लिहायला हवं. मेथोट्रेक्सेट हे या आजाराचं औषध आठवड्यातून एकदा असतं, आणि बऱ्याच मुलांना त्याने मळमळतं, पण काही महिन्यांनी नुसत्या विचारानेही मळमळायला लागतं. औषध पिवळं असतं, आमच्या लेकीला पिवळ्या रंगाचा कंपास दिसला तरी उमासे यायचे, आणि आम्ही म्हणायचो आता हे काय नवीन. हे नखरे नव्हेत, शरीर शिकलेलं असतं. हे जितकं लवकर डॉक्टरांच्या कानावर घालाल तितकं बरं, फॉलिक ॲसिड, उलटी थांबवणारं औषध, गोळीऐवजी इंजेक्शन किंवा इंजेक्शनऐवजी गोळी असे पर्याय असतात, ही मळमळ मुरल्यावर घालवणं फार कठीण जातं. घरी आम्ही तीन गोष्टी बदलल्या. वार आणि वेळ पक्की, आणि आदल्या दिवशी सकाळपासून त्याचा विषय नाही. सुई कुठल्या मांडीत आणि कुठलं गाणं लावून हे ती ठरवणार, पण घ्यायचं की नाही यावर चर्चा नाही. आणि धरून दाबून टोचणं बंद, त्याआधी दोघांनी मिळून तिला धरायचो, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. बधिर करणारं क्रीम लावायचं, बर्फ फिरवायचा, "दुखणार नाही" असं खोटं सांगायचं नाही. "टोचेल, तीन मोजेपर्यंत" असं सांगायचं, आणि खरंच तीन मोजेपर्यंतच.

आता घर. दुखणाऱ्या मुलाच्या घरात हमखास एक मऊ आणि एक कडक माणूस तयार होतं. आई पाय चेपते, बाप म्हणतो ऊठ काही झालं नाही, मग आई अजून मऊ होते कारण बाप कडक आहे आणि बाप अजून कडक कारण आई मऊ. मधल्या मधे मूल दोघांच्या चेहऱ्याचा अंदाज घेत बसतं की आज किती दुखतंय असं सांगायचं. यावर बसून, मूल झोपल्यावर, दोघांनी एकच ठराव करा, आणि तो आजीआजोबांनाही सांगा. आमचा असा होता, दुखतंय म्हणून घरातलं तिचं काम सुटणार नाही पण बदलून मिळेल, भांडी उचलायची नसतील तर बसून कपड्यांच्या घड्या. आणि दुखण्याच्या दिवशी जास्तीचा टीव्ही नाही, भेटवस्तू नाही, जे काही खास करायचं ते ज्या दिवशी दुखत असूनही शाळेत गेली त्या दिवशी. सासूबाईंनी हे सगळ्यांत आधी उचललं हे मुद्दाम सांगते, त्यांना दोष देऊन काही झालं नव्हतं, त्यांना पहिल्यांदा कुणीतरी नीट समजावलं तेव्हा झालं.

तुमचं स्वतःचं दुखणं असेल तर तेही बघा. माझी कंबर धरते, मी उठताना प्रत्येक वेळी "आई गं" म्हणायचे, आणि एक दिवस लेक अगदी त्याच सुरात, कमरेवर हात ठेवून, तसंच म्हणाली. मुलं दुखण्याशी कसं वागायचं हे आपल्याकडूनच शिकतात. दुखणं लपवा असं नाही म्हणत, पण "कंबर धरलीय, दोन मिनिटं ताणून घेते मग येते" असं त्यांच्या देखत म्हणा आणि करा. आणि तुम्हालाच रात्र रात्र झोप नसेल, सारखं रडू येत असेल, आपल्यामुळेच मुलाला हा आजार झाला असं वाटत असेल, तर आधी स्वतःसाठी मदत घ्या. आई किंवा बाबा खचलेले असले की मूल आपलं दुखणं त्यांच्यापासून लपवायला लागतं, आणि लपवलेलं दुखणं कसं असतं ते मी वर उशीचं सांगितलंच. दुसरं भावंड असेल तर त्याला आठवड्यातून एक तास असा द्या ज्यात या आजाराचं नावही निघणार नाही.

शाळेचं राहिलं होतं. डायरीत शाळेच्या आदल्या संध्याकाळी आकडा चढायचा, मला वाटलं अभ्यास नको असतो. खरं कारण होतं तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग आणि मधल्या सुट्टीनंतर उशीर झाला की सगळ्यांसमोर होणारी बोलणी. कारण विचारलं तेव्हा कळलं, आणि विचारलं मी दोन वर्षांनी. म्हणून शाळेत एकदा डॉक्टरांचं पत्र घेऊन जा आणि नेमक्या गोष्टी मागा, वर्ग खाली, अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं फिरायची परवानगी, पुस्तकांचा एक संच शाळेतच, लिहून बोटं दुखत असतील तर परीक्षेत जादा वेळ, आणि पीटीला पूर्ण सुट्टी न देता जमेल ते करू द्या. "जरा सांभाळून घ्या" म्हणालात तर शिक्षकांना काय करायचं ते कळत नाही. आणि वाईट दिवशीही पूर्ण खाडा करण्यापेक्षा दोन तास पाठवा. चार दिवस घरी बसलं की पाचव्या दिवशी जाणं दुखण्यापेक्षा जड होतं.

सायकॉलॉजिस्टकडे कधी जायचं? माझं मत, आम्ही गेलो त्याच्या खूप आधी. दोन आठवडे शाळा बुडाली, मैत्रिणींकडे जाणं बंद, दुखण्याच्या भीतीने व्यायाम बंद, सतत उदास किंवा चिडचिड, यातलं काहीही असेल तर रुमेटॉलॉजिस्टलाच नाव विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या दीर्घ दुखण्यावर २०२० च्या अखेरीस मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात औषधं, हालचाल आणि मानसिक उपचार हे तिन्ही आहेत, सीबीटीचं, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचं, नाव त्यात आहे. म्हणजे ही शेवटची पायरी नाही, उपचारातलाच एक भाग आहे. मुलाला सांगताना "तुझं डोकं तपासायला" असं चुकूनही नको, "दुखण्याशी कसं लढायचं याचा कोच आहे" असं आम्ही सांगितलं आणि तिला ते पटलं. मूल जगायचं नाही असं काही बोललं किंवा स्वतःला इजा करत असेल तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, त्याला एकटं ठेवू नका.

बारा तेरानंतर सूत्रं हळूहळू त्यांच्याकडे द्या. डॉक्टरांशी पहिली पाच मिनिटं ती बोलते, मी बाहेर. गोळ्यांचा डबा ती भरते, मी फक्त आठवड्यातून एकदा बघते.

एक शेवटचं काम, फ्लेअर, म्हणजे शांत झालेला आजार परत उसळणं, यायच्या आधी एक कागद करून ठेवा. आजार शांत असताना मुलासोबत बसून लिहायचं की परत दुखायला लागलं तर पहिल्या दिवशी काय, तिसऱ्या दिवशी काय, फोन कधी करायचा, वेदनाशामक कुठलं आणि किती हे डॉक्टरांना विचारून, शाळेत कुणाला कळवायचं. आमचा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, दर सहा महिन्यांनी आम्ही तो नव्याने लिहितो. आधीचे दोन माझ्या अक्षरात होते. आत्ताचा तिच्या अक्षरात आहे, सात ओळी, शेकाची पिशवी कुठे आहे, कुठली प्लेलिस्ट, किती मिनिटं चालायचं, आणि सगळ्यात खाली लिहिलंय : आईने फक्त एकदा विचारायचं.